‘माझंच काही चुकलं का?’

नेरूळच्या माझ्या ओळखीच्या एका ताईंनी माहीमच्या नोव्हेनाचे नऊ बुधवार पूर्ण केले. नवऱ्याला यकृताचा कॅन्सर होता. सकाळी घरातलं आवरायचं, आजाऱ्यासाठी पेज करून ठेवायची, मुलाला शाळेत सोडायचं, मग हार्बरची लोकल पकडायची, वडाळ्याला गाडी बदलायची आणि माहीमला उतरायचं. एकाही बुधवारी खंड पडला नाही. नववा बुधवार झाला आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत नवरा गेला. घरी प्रार्थनेला जमलेल्या मंडळींपैकी एका बाईंनी निघताना ताईंचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की विश्वास पक्का असता तर देवाने ऐकलं असतं. त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढे कित्येक महिने ताई मला एकच विचारत राहिल्या, ‘माझंच काही चुकलं का हो?’

नवी मुंबईत हा प्रश्न घेऊन जगणारी ख्रिस्ती माणसं थोडी नाहीत. वसईकडून, गोव्यातून, मंगळूर-केरळातून आलेली कॅथलिक कुटुंबं इथे आहेत, तशीच नगर-जालन्याकडून आलेली मराठी प्रोटेस्टंट कुटुंबंही आहेत. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे, तिथे उपचारांसाठी राज्यभरातून लोक येतात. त्यांच्यातल्या कोणाच्या पिशवीत जपमाळ असते, कोणाच्या नवा करार. प्रार्थना सगळे करतात. काही बरे होऊन घरी जातात, काही जात नाहीत. जे जात नाहीत त्यांच्या घरच्यांना ख्रिस्ती धर्म काय सांगतो? लोक काय सांगतात आणि धर्मग्रंथ काय सांगतो, यांत मोठं अंतर आहे. ते दाखवावं म्हणून हा लेख.

आधी नोव्हेना म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळ हिंदू वाचकांनी माहीमची गर्दी पाहिलेली असते, पण आत काय चालतं हे माहीत नसतं. लॅटिनमध्ये नऊला ‘नोव्हेम’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. नऊ दिवस किंवा नऊ आठवडे एकच प्रार्थना धरून ठेवायची. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेच्या तसबिरीसमोर १९४८ पासून दर बुधवारी ही भक्ती चालते. दिवसभरात वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना होतात, आणि येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही खूप असतात. लोक चिठ्ठ्या लिहून टाकतात. काही चिठ्ठ्या मागण्याच्या, काही आभाराच्या. आभाराची पत्रं वाचून दाखवली जातात. नोकरी लागली, मूल झालं, गाठ साधी निघाली. ऐकणाऱ्याला धीर येतो आणि तो यावाही.

ताईंच्या मनाला खरी ठेच लागली ती इथे. नऊ बुधवार त्यांनी आभाराची पत्रं ऐकली होती. ज्याचं मागणं पुरं झालं नाही तो आभाराचं पत्र लिहीत नाही, आणि त्यामुळे त्याचं कधी वाचलंही जात नाही. बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकत मिळतात. मागणं घेऊन आलेला आणि मागणं पुरं झालेला, दोघेही मेणाचाच पाय वाहतात. पण ज्याचा पाय बरा झाला नाही त्याची वेगळी खूण कुठेच उरत नाही. ही गोष्ट फार जुन्या काळापासून माणसांच्या लक्षात आलेली आहे. ग्रीक विचारवंत डायगोरस याला एकाने देवळातली चित्रं दाखवली. वादळात नवस बोलून वाचलेल्या खलाशांनी ती वाहिली होती. त्यावर डायगोरसने विचारलं, की नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? रोमन लेखक सिसेरोने ही कथा नोंदवून ठेवली आहे. डायगोरस नास्तिक म्हणून प्रसिद्ध होता, पण त्याचा प्रश्न श्रद्धावंतानेही विचारण्याजोगा आहे. बुडालेल्यांची चित्रं नसतील, तर मागे राहिलेल्याला वाटतं की आपणच एकटे बुडालो.

कॅथलिक चर्चचा स्वतःचा हिशेब मात्र फार काटेकोर आहे. वाशीत सेक्टर ९-अ मध्ये फादर अ‍ॅग्नेल संकुल आहे. नवी मुंबईतल्या हजारो मुलांच्या ओळखपत्रावर हे नाव असतं, पण हे फादर कोण होते ते बहुतेकांना ठाऊक नसतं. आग्नेलो डिसूझा हे गोव्यातल्या हणजूणचे. जन्म १८६९ चा. पिलारच्या मिशनरी संघाचे ते धर्मगुरू होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये राशोलच्या सेमिनरीत प्रवचन देत असताना ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना ‘व्हेनरेबल’ म्हणजे पूजनीय घोषित केलं. त्यांच्या मध्यस्थीने अमुक घडलं अशा साक्षी देणारे भक्त गोव्यात आणि मुंबईत पुष्कळ भेटतात. पण संतपदाच्या पुढच्या पायरीसाठी चर्चला एक असा चमत्कार लागतो, जो डॉक्टरांच्या मंडळासमोर टिकेल. रोगाचं निदान पक्कं हवं. बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकणारं हवं, आणि वैद्यकशास्त्राला त्याचं कारण देता येऊ नये. ती पायरी अजून चढायची आहे.

फ्रान्समधल्या लुर्दचं उदाहरण याहून बोलकं आहे. १८५८ पासून तिथे कोट्यवधी लोक गेले. बरे झाल्याच्या सात हजारांहून जास्त घटना तिथल्या वैद्यकीय कचेरीत नोंदल्या गेल्या. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपास आहेत. म्हणजे चमत्कार मानणारं चर्चच सांगतं, की चमत्कार अतिशय विरळा असतो. मग तो आपल्या घरी झाला नाही, तर त्यात आपली कमतरता शोधण्याचं कारणच काय?

आता बायबलकडे येतो. माझं म्हणणं असं, की ज्यांनी बायबल जपलं त्यांनी पुऱ्या न झालेल्या प्रार्थना मुद्दाम जपल्या. त्या काढून टाकणं त्यांना सहज शक्य होतं.

मोशेने चाळीस वर्षं लोकांना रानातून चालवलं. वचनदत्त देशात पाऊल ठेवू दे, एवढंच त्याने मागितलं. देवाने त्याला नकार दिला, वर हा विषय पुन्हा काढू नकोस असंही सांगितलं. अनुवाद या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हे मोशेच्याच तोंडून आलेलं आहे. त्याला तो देश डोंगरमाथ्यावरून फक्त पाहायला मिळाला. दावीद राजाचं तान्हं मूल आजारी पडलं, तेव्हा सात दिवस तो उपाशी जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी मूल गेलं. मग तो उठला, अंघोळ केली, मंदिरात गेला आणि घरी येऊन जेवला. चाकरांना हे कळेना. मूल जिवंत असताना रडणारा राजा ते गेल्यावर जेवतो कसा? नव्या करारात पौलाच्या शरीरात काहीतरी काटा होता. डोळ्यांचं दुखणं असेल, आणखी काही असेल, तो रोगाचं नाव सांगत नाही. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला. उत्तर मिळालं ते असं, की माझी कृपा तुला पुरेशी आहे असं समज. याच पौलाच्या नावावरच्या तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एका ओळीची नोंद आहे, जिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. त्रफिम नावाचा त्याचा सोबती आजारी होता, म्हणून त्याला मिलेत शहरात मागे ठेवून पुढे जावं लागलं. पौलाच्या हातून लोक बरे झाल्याच्या कथा प्रेषितांच्या कृत्यांत आहेत. तोच पौल आजारी मित्राला मागे ठेवतो आणि त्याच्या विश्वासाबद्दल चकार शब्द काढत नाही.

आणि शेवटी खुद्द येशू. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, हा प्याला माझ्यापुढून टळू दे अशी प्रार्थना त्याने केली. मत्तय आणि मार्क सांगतात की तो पुन्हा पुन्हा, तीन वेळा प्रार्थनेला गेला. लूक सांगतो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळत होता. जवळचे तीन शिष्य थोड्या अंतरावर झोपून गेले होते. प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याने जी आरोळी मारली, ती बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीची होती. देवाने आपल्याला का सोडलं, असा तिचा अर्थ आहे. प्रार्थना पुरी न होणं हा कच्च्या विश्वासाचा पुरावा मानायचा, तर त्या रात्री बागेत गुडघे टेकलेल्याचा विश्वासही कच्चा ठरतो. असं कुठलाही ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. मग नेरूळच्या विधवेला ते कसं म्हणता येतं?

यावर लोक वचनं काढून दाखवतात, आणि वचनं आहेतही. याकोबाच्या पत्रात आहे की तुम्ही वाईट हेतूने मागता म्हणून मिळत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे की नवऱ्यांनी बायकोला मानाने वागवावं, नाहीतर त्यांच्या प्रार्थनेत अडथळा येईल. यशया संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो, की तुमचे हात रक्ताने भरले आहेत, तुमच्या प्रार्थना मी ऐकणार नाही. ही वचनं मी एकदा नीट बसून वाचली, प्रत्येक वचन कोणाला उद्देशून आहे ते पाहत. भांडणं लावणारे, हाव सुटलेले, बायकोला पायदळी तुडवणारे, अनाथ-विधवांचा न्याय बुडवणारे, उपवासाच्या दिवशी मजुरांना राबवून घेणारे. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांना हे खडसावणं आहे. रडत आलेल्या माणसाला बायबल असं कुठेच बोलत नाही. शंका धरणाऱ्याला काही मिळणार नाही, असं याकोब एके ठिकाणी म्हणतो खरा, पण तिथे विषय शहाणपण मागण्याचा आहे, आजाऱ्याचा नाही. उलट मार्कच्या नवव्या अध्यायात फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप येशूला उघड सांगतो, की माझा विश्वास आहेही आणि नाहीही, माझ्या अविश्वासाला हात दे. अर्ध्या विश्वासावर त्याचं मूल बरं होतं. लाजर तर चार दिवस कबरेत होता. त्याने विश्वास ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. येशू उशिरा पोचला म्हणून त्याची बहीण मार्था तोंडावर तक्रार करते, तुम्ही इथे असता तर भाऊ मेला नसता म्हणते. तिला कोणी दटावत नाही. येशू स्वतः रडतो.

पण खरी अडचण वेगळ्याच वचनांत आहे, आणि ती टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो, की माझ्या नावाने जे मागाल ते मी करीन. हे सरळ आश्वासन आहे. मग? जुन्या हिब्रू वापरात ‘नाव’ म्हणजे नुसती हाक मारायची खूण नव्हे, तर त्या माणसाचा स्वभाव, त्याची इच्छा, त्याचा अधिकार. कोणी आपल्याला कुलमुखत्यारपत्र दिलं, तर आपण त्याच्या नावाने सही करू शकतो, पण त्याला मान्य नसलेला व्यवहार करू शकत नाही. त्या आश्वासनाचा रोख असा आहे. हे स्पष्टीकरण मला पटतं. तरी ते सगळं दुःख पुसतं असं मी म्हणणार नाही. नवऱ्याने जगावं ही इच्छा येशूच्या स्वभावाबाहेरची होती का, असं ताईंनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

काही मागण्या मात्र हिशेबातच बसत नाहीत. सिडकोच्या घरांची सोडत असते तेव्हा हे रोज दिसतं. समजा हजार घरं आहेत आणि दहा हजार अर्ज. अर्ज करणारा प्रत्येक जण आपापल्या देवापुढे हात जोडतो, प्रत्येकाची गरज खरी असते, आणि नऊ हजारांना घर मिळणार नसतं. कोळ्याला समुद्र शांत हवा असतो, त्याच आठवड्यात वरच्या गावातल्या शेतकऱ्याला पाऊस हवा असतो. सगळ्यांचं सगळं मागणं पुरं करणारं जग कसं असेल, याची कल्पनाच करता येत नाही. त्यात अपघात नसता, रोग नसता, आणि बहुधा माणसाला स्वतःचं काही ठरवायचंही उरलं नसतं.

प्रार्थनेचा परिणाम मोजून पाहायचे प्रयत्नही झाले. १८७२ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने हिशेब मांडला, की राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी देशभर प्रार्थना होतात, तरी ती माणसं इतर श्रीमंतांपेक्षा जास्त जगत नाहीत. २००६ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली त्यांच्यात ५२ टक्के जणांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. या आकड्यांनी श्रद्धावंताने घाबरू नये आणि नास्तिकाने हुरळू नये असं मला वाटतं. देवाला प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवता येतं, असं ख्रिस्ती परंपरेने कधी म्हटलंच नव्हतं. पण एक गोष्ट यातून घ्यावीच. प्रार्थना हे औषध नव्हे, आणि औषधाच्या जागी ती देऊ नये. कॅथलिक बायबलमधल्या सिराक या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याला मान द्या आणि औषधं देवानेच जमिनीतून निर्माण केली, अशा अर्थाचा उपदेश आहे.

मग प्रार्थना कशासाठी? तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने याचा नीट विचार केला. देवाचं मन वळवावं म्हणून आपण प्रार्थना करत नाही. जे प्रार्थनेतूनच मिळावं असं देवाने योजलं आहे, ते मिळावं म्हणून करतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्याही आठशे वर्षं आधी संत ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या एका श्रीमंत रोमन विधवेला प्रार्थनेवर लांबलचक पत्र लिहिलं. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं आणि ती जीव घेऊन आफ्रिकेत आली होती. देवाला आपल्या गरजा आधीच ठाऊक असतात, मग मागायचं कशाला? ऑगस्टीन तिला समजावतो की मागण्याने आपली इच्छा वाढते, रुंदावते, आणि जे मिळणार आहे ते घ्यायला मन मोठं होतं. ऑगस्टीनचं हे लिहिणं कोरडं नव्हतं. त्याच्या घरातच एक पुरी न झालेली प्रार्थना होती. त्याची आई मोनिका हिने कार्थेजच्या किनाऱ्यावर रात्रभर प्रार्थना केली होती, की आपला भरकटलेला मुलगा समुद्र ओलांडून रोमला जाऊ नये. त्याच रात्री तो तिला फसवून जहाजात बसला. ते साल ३८३. रोमहून तो मिलानला गेला, तिथे बिशप अँब्रोजची प्रवचनं त्याच्या कानावर पडली, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. आईने सारा जन्म मागितलं ते हेच होतं. त्या रात्रीचं मागणं नाकारलं गेलं आणि आयुष्यभराचं पुरं झालं, असं पुढे ऑगस्टीनने लिहून ठेवलं.

मोनिकाची गोष्ट आपल्या धर्मगुरूंच्या फार आवडीची आहे. मलाही आवडते. पण ती प्रत्येकाला लागू पडत नाही. सगळ्या नकारांमागे काहीतरी चांगलं दडलेलं असतं, असं आईबापांना त्यांचं लेकरू पुरताना सांगू नये. त्यांच्यासाठी मला आपल्याच मातीतली एक बाई जास्त जवळची वाटते.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे घर उपासमारीत सापडलं. होतं ते त्यांनी दानधर्मात आणि अनुष्ठानात घातलं, उपास केले, जप केले, दिवसेंदिवस देवाची आळवणी केली. शेवटी रानातला पाला खायची पाळी आली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघं देशभर पायी फिरत कलकत्त्याला पोचली. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं, आणि १८८२ मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे अनेक लेखक गोष्ट अशी सांगतात, की जुन्या देवांनी ऐकलं नाही आणि नव्या देवाने ऐकलं. हे सांगणं मला योग्य वाटत नाही, आणि ते खरंही नाही. रमाबाईंच्या आयुष्यातलं न ऐकलं जाणं बाप्तिस्म्याने संपलं नाही. मनोरमाबाई शिकल्या, आईच्या कामात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, रमाबाईंनी केडगावला उभं केलेलं मुक्ती मिशन पुढे त्याच चालवणार असं सगळे धरून होते. जुलै १९२१ मध्ये, चाळिशीत, त्या गेल्या. रमाबाईंनी एकुलत्या एक लेकीसाठी प्रार्थना केली नसेल असं कोण म्हणेल? १९०५ मध्ये ज्यांच्या केडगावात शेकडो मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या आणि ज्याची बातमी जगभरच्या चर्चमध्ये पोचली होती, त्या रमाबाई. प्रार्थनेच्या बाबतीत त्यांच्यात काही कमी होतं, असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

मला त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकाव्याशा वाटतात. पहिली १८९६-९७ च्या दुष्काळातली. मध्य प्रांतातून मुली उपाशी मरत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना आठवत होती, आणि हे त्यांनीच लिहिलं आहे. तिथून आणलेल्या मुलींसाठी दौंडजवळ केडगावला मुक्ती उभी राहिली, आणि १९०० पर्यंत तिथे सुमारे दीड हजार जणी राहत होत्या. आईबापांच्या वेळी भाकर आली नव्हती. या मुलींच्या वेळी भाकर घेऊन रमाबाई गेल्या. पहिल्या घटनेचं समर्थन दुसरीने होतं असं मी म्हणत नाही. आईबाप उपाशी मेले ते मेलेच. पण त्या आठवणीचं त्यांनी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट बायबलच्या भाषांतराची. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणलं. खिळे जुळवणं, छपाई, सगळं मुक्तीतल्या बायकाच करत. मुलगी गेल्यावरही ते काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. लेकीच्या मृत्यूनंतरच्या त्या नऊ महिन्यांत मुद्रितं तपासणाऱ्या रमाबाईंच्या मनात काय चाललं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

त्या बायबलात स्तोत्रसंहिताही आहेच. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात भक्त देवाला चार वेळा विचारतो, की आणखी किती दिवस? बहुतेक विलापांचा शेवट आशेकडे वळतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र वळत नाही, ते अंधारातच संपतं. कोणाही संपादकाला वाटलं असतं की शेवटी दोन बऱ्या ओळी जोडाव्या. त्या जोडल्या नाहीत, आणि हजारो वर्षं ते स्तोत्र तसंच म्हटलं जातं. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लोकांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षं प्रार्थनेत त्यांना देवाची जाणीव होत नव्हती, असं त्यांनी आपल्या मार्गदर्शक धर्मगुरूंना लिहिलं होतं. त्यांना २०१६ मध्ये संत घोषित केलं ते ही पत्रं पूर्ण ठाऊक असताना. तक्रार, शांतता, अंधार हे सगळं प्रार्थनेच्या आतलंच आहे, बाहेरचं नाही, असं चर्चने त्यातून मान्य केलं आहे.

म्हणून आपल्या भागातल्या प्रार्थना-मंडळं चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. साक्षी देण्याच्या वेळी ज्यांना मिळालं त्यांना बोलू द्या, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांनाही बोलायला जागा ठेवा. त्यांच्या साक्षीला लगेच कोणी उत्तर देऊ नये. त्यानंतर तेरावं किंवा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सगळ्यांनी मिळून वाचावं. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवताना त्याच्या गोळ्या चालू आहेत ना, हेही विचारावं.

ईयोबाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गमावून ईयोब राखेत बसला, तेव्हा अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. त्यानंतर त्यांनी तुझंच काहीतरी चुकलं असेल हे समजावायला सुरुवात केली, आणि वीसएक अध्याय तेच चालू राहिलं. शेवटच्या अध्यायात देव त्या तिघांवर रागावतो आणि माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असं सांगतो. ईयोब तर देवाशी भांडत होता.

तुमच्या इमारतीत, तुमच्या सेक्टरमध्ये असं घर असेल, तर पहिले काही दिवस डबा घेऊन जा. जमिनीवर बसा. देवाची योजना काय असेल ते सांगू नका, कारण ती तुम्हाला माहीत नाही. आणि घरातल्या कोणी विचारलंच, की माझंच काही चुकलं का, तर ‘नाही’ म्हणा. मी ताईंना ते म्हणायला चार महिने लावले. तुम्ही तेवढा वेळ घेऊ नका.